लांडगेस्वारांची पोथी

हिसाबाच्या किताबेला, म्हणजे गणिताच्या पुस्तकाला, हळद-कुंकू वाहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ते वाहू देणारा गाढवही मीच. आता दात गेले, गुडघे कुरकुरतात, ऐकणारंही फारसं कुणी उरलं नाही, तेव्हा एकदा सांगून टाकावं म्हणतो. इतकी वर्षं लपवून मला काय मिळालं? काही नाही.

तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. निजामाचं राज्य होतं. बीडच्या मदरशात (तेव्हा सरकारी शाळेला मदरसाच म्हणत) शिकलेलो, उर्दू चांगली, अक्षर वळणदार, म्हणून सरकारी मास्तरकी मिळाली. लग्न झालं, आणि वर्ष व्हायच्या आत मानमोडीच्या तापाची साथ आली. सोमवारी बायको अंगण झाडत होती, गुरुवारी ती नव्हती. गल्लीत रोज कुणाच्या तरी घरी हेच चाललेलं, त्यामुळे माझ्यापाशी बसायला कुणाला फुरसत नव्हती. मला ते घर नको झालं. मी कचेरीत अर्ज दिला, की मला लांब कुठंही टाका. एरवी सरकारचं काम कासवाच्या चालीनं चालतं, पण हे मात्र आठ दिवसांत झालं. आष्टी आणि शिरूरच्या मधल्या डोंगरात एक गाव होतं. तिथं जायला कुणी मास्तर तयार नव्हता. मला पाठवलं.

पन्नास-साठ उंबऱ्यांचं गाव. जमिनीत माती कमी आणि मुरूम जास्त. मदरसा म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक खोली, आणि तीच माझी राहायची जागा. पोरं आठ-दहा. ती सकाळी यायची, ‘अलिफ बे’ ओरडायची आणि दुपारी पळायची. मग दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत माझ्याशी बोलायला चिटपाखरू नसायचं.

गाव वाईट नव्हतं, उगाच कशाला नावं ठेवू? पण मी सरकारी माणूस. त्यात परका, आणि त्यातून बायको मेलेला. ‘रामराम मास्तर’ म्हणायचे आणि वाट धरायचे. पारावर चार माणसं गप्पा मारत असली आणि मी जाऊन बसलो, की सगळे गप्प. कुणी जांभई देई, कुणी बैल पाजायचे राहिले म्हणून उठे. मी निघून वळणापर्यंत गेलो की मागं पुन्हा हसणं सुरू व्हायचं. ते हसणं ऐकत मी खोलीवर यायचो. खोलीत मी चुलीशी बोलायचो. ‘आज मीठ जास्त झालं बरं का,’ असं मोठ्यानं म्हणायचो. आपलाच आवाज ऐकून मला रडू यायचं, हे आज कबूल करतो. तेव्हा कुणाला सांगितलं नसतं.

कार्तिकात बाजरी निघाली आणि गावच्या शिवारात एक म्हातारा धनगर आला. दीडशे-दोनशे मेंढरं, चार कुत्री, सामान वाहायला एक तट्टू, आणि तो. बायको गेलेली, लेकी सासरी. शेतकरी त्याची मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायचे, म्हणजे आठवडाभर कळप त्या शेतात मुक्कामाला. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, पोटापुरतं धान्य धनगराला. एक रान झालं की दुसऱ्याचं. असं करत फाल्गुनापर्यंत तो याच शिवारात फिरायचा. दरसालची रीत होती ती.

मी एका तिसऱ्या प्रहरी असाच पाय मोकळे करायला गेलो होतो. तो शेताच्या कडेला जाळी ठोकत होता. सुताच्या दोरांची उभी जाळी, तिला ते वाघर म्हणतात. तिच्या आत मेंढरं कोंडायची, आणि त्या मुक्कामाला वाडा म्हणायचं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि रामराम न करता म्हणाला, “मास्तर, ती खुटी धरा जरा.”

मी खुंटी धरली. त्या गावात मला कुणी काम सांगितलं ते पहिल्यांदा.

“जेवला का?” त्यानं विचारलं.

“खोलीवर जाऊन टाकीन भाकर.”

“एकलेच?”

“एकटाच आहे.”

“एकट्यानं गिळू नये मास्तर. अन्न अंगी लागत न्हाई. उद्यापासनं हितं या. मी बी एकलाच हाय, दोन एकले मिळून एक घर हुतं.”

मग मी रोज जाऊ लागलो. तीन दगडांची चूल, मेंढीचं दूध, बाजरीची भाकर, आणि म्हाताऱ्याची अखंड बडबड. मी त्याला मामा म्हणू लागलो. लांडग्यांबद्दल तो इतकं बोलायचा, की घरच्या माणसांबद्दल कुणी इतकं बोलणार नाही. त्या डोंगरात लांडगे होतेच. म्हातारा सांगायचा, “एक लांडगा समूर येऊन तोंड दावतो. लंगडल्यावानी करतो. कुत्री खुळी, समदी त्याच्या मागं पळत्यात. अन् दुसरा मागनं गुपचूप येऊन कोकरू उचलतो. फसवायचं आसंल तर माणसाला बी कुनी असंच फसवतंय.”

एकदा माझ्यासमोरच झालं तसं. दिवस मावळायला टेकला होता. कुत्री पुढं पळाली आणि मागच्या बाजूनं एक करडा प्राणी कोकरू तोंडात धरून ओढ्यात उतरला. मी ओरडत उठलो. म्हाताऱ्यानं माझा सदरा धरून मला खाली बसवलं.

“जाऊ द्या. पयलं कोकरू त्याचं. खंडोबाचं कुत्रं हाय ते. दरसाल पयला वाटा त्याचा, आमच्या बापजाद्यापासनं.”

“आणि दुसरं न्यायला आला तर?”

“मग काठी हाय की! वाटा हाय म्हंजी काय समदा वाडा द्यायचा व्हय?” असं म्हणून तो असा हसला की चुलीतली राख उडाली.

हे कोकरू नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ मी त्याच्यावरच घातला.

गोष्टीची सुरुवात एका जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, झाली. जुम्म्याची मदरशाला सुट्टी. मी चावडीच्या ओट्यावर हिसाबाची किताब घेऊन दुसऱ्या दिवशीची गणितं काढत बसलो होतो. चार-पाच माणसं जवळच तंबाखू मळत होती. त्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सहज विचारलं, “मास्तर, काय लिवलंय वो त्यात?”

आता ‘बेरीज-वजाबाकी’ म्हणालो असतो तर काय झालं असतं? ‘आसं व्हय’ म्हणून ते उठले असते. मी आल्यापासून दोन महिन्यांत गावातल्या कुणी मला विचारलेला तो पहिलाच प्रश्न. माझ्या तोंडून निघून गेलं, “गोष्ट आहे.”

“वाचा की मग.”

मी किताब उघडली. समोर बारा आण्यांचं उदाहरण. आणि उर्दूचं मराठी करत असल्यासारखा मी वाचू लागलो: एका कोरड्या मुलखात एक किल्ला होता. किल्ल्यात एकच विहीर, पण तिचं पाणी बारा महिने आटत नसे. डोंगरापलीकडं राक्षसांचं राज्य होतं. त्यांच्या विहिरींत राख भरलेली. ती विहीर जिंकायला त्यांनी फौज काढली. राक्षसांना पाहून घोडे उधळत, उंट बसून घेत. तेव्हा त्यांनी लांडगे पाळले. बैलाएवढे उंच, पिवळ्या डोळ्यांचे. एकेका लांडग्यावर एकेक राक्षस, डोकं रेड्याचं, हात गुडघ्याच्या खाली, हातात लोखंडी आकडा. असे दहा हजार लांडगेस्वार डोंगर उतरू लागले.

बीडच्या मदरशातले आमचे मौलवीसाहेब जिनांच्या आणि जादूगारांच्या दास्तानी, म्हणजे लांबलचक गोष्टी, सांगायचे, त्यांचा तो ढंग मी उचलला होता. लांडगे मात्र माझ्या डोक्यातले, म्हणजे मामाच्या वाड्यावरचे. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! पण माणसांची तंबाखू हातातच राहिली. एकानं तर ‘आरं देवा’ म्हणून छातीला हात लावला. मी थांबलो तेव्हा सगळे एकदम म्हणाले, “उद्या पुढचं.”

तुम्ही म्हणाल, तोंडानंच सांगायची होती गोष्ट, किताब कशाला? पण त्या गावाची रीत ध्यानात घ्या. तोंडची गोष्ट म्हणजे पोरासोरांची. वाचलेली म्हणजे पोथी, आणि पोथीपुढं गाव बसतं. त्यात ही उर्दू. उर्दू म्हणजे कचेरीची भाषा, सरकारची भाषा. सरकारनं छापलेलं खोटं कसं असेल? तिसऱ्या दिवशी पाटलांच्या घरून चौरंग आला. पाचव्या दिवशी तांबडं फडकं आलं. आठव्या दिवशी माझ्या हिसाबाच्या किताबेवर हळद-कुंकू पडलं आणि पुढं मूठभर बाजरी ठेवली गेली. मी म्हणायला हवं होतं, की अहो ही पोथी नाही. म्हणालो नाही. कारण आता रस्त्यानं जाताना लोक हाक मारत होते. “मास्तर, या की च्या घ्यायला!” “मास्तर, त्या किल्ल्याचा दरवाजा टिकंल का?” पारावर मी गेलो की जागा करून देत होते. बायको गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो ते त्याच दिवसांत.

मामाही यायचा. मेंढरं कुत्र्यांवर सोपवून, काठी टेकत, मागच्या बाजूला उकिडवा बसायचा आणि मध्येच तोंड घालायचा. “मास्तर, लांडग्यावर खोगीर कसं टिकतं? पळताना त्याची पाठ किती हलती!”

“गप बे धनगरा,” कुणीतरी ओरडायचं.

“न्हाई, इचारतो. अन् लगाम? तोंडात लोखंड घातल्यावर चावायचं कशानं त्यानं?”

दुसऱ्या दिवशी मी किताबेतून वाचायचो, की राक्षस खोगीर घालत नसत, लांडग्याचे कान धरून बसत. लोक टाळ्या पिटायचे, “बग, लिवलंय!” मामा डोकं खाजवायचा. “लिवलं आसंल. पर एक सांगतो. लांडगा पाठीवर कुनाला घेत न्हाई. आज भीतीनं घिईल. एक दिस उपाशी ऱ्हाऊ द्या, मागं वळून आधी वरच्यालाच खाईल.”

“असं इथं लिहिलेलं नाही, मामा.”

“मग पुढं आसंल,” म्हातारा म्हणायचा.

आणि मी काय करत होतो? संध्याकाळी त्याच्या चुलीपाशी बसून त्याच्याकडून लांडग्यांच्या खोड्या काढून घेत होतो आणि आठवड्यानं त्याच खोड्या किताबेतून वाचत होतो. एक लांडगेस्वार लंगडत दरवाजासमोर येतो, पहारेकरी धावतात, आणि फौज मागच्या भिंतीवरून चढते. त्या दिवशी चावडीत माणूस हलला नाही. मामासुद्धा हलला नाही. माझ्याकडं बघत राहिला फक्त. मला वाटलं, रंगला म्हातारा.

पौष संपला तशी माणसं कमी होऊ लागली. ज्वारी हुरड्यात आली, लोक राखणीला रानात अडकले. शेजारच्या गावात तमाशाचा फड उतरला. एका दिवशी चावडीत मी, पाटील आणि दोन म्हातारे एवढेच. पुन्हा ती खोली आणि चुलीशी बोलणं! छे! काहीतरी घालायला हवं होतं गोष्टीत, आणि डोक्यात काही येत नव्हतं. तेव्हा ते कोकरू आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी वाचलं, की किल्ल्यात एक भेदी आहे. तो राक्षसांच्या लांडग्यांना भिंतीवरून मांस टाकतो. पहिला वाटा देतो. म्हणून लांडग्यांना किल्ल्याची वाट ठाऊक झाली. जो लांडग्याला वाटा देतो, तो लांडगेस्वारांचा माणूस.

बातमी गावभर झाली. तिसऱ्या दिवशी चावडी पुन्हा भरली. भेदी कोण, भेदी कोण, एकच चर्चा. कुणीतरी मागं वळून मामाकडं पाहिलं आणि म्हणालं, “आपल्यात बी हाय की एक वाटा देणारा!” हशा झाला. मामाही हसला. मीही हसलो, आणि आत कुठंतरी मला माहीत होतं, की हे बरं नाही. पण चावडी भरलेली होती ना.

त्याच आठवड्यात पाटलांच्या गोठ्यामागून वासरू गेलं. दोन दिवसांनी एका बाईच्या दोन शेळ्या. ओढ्यात लांडग्यांचे माग सापडले. मग हसणं थांबलं. पाटलांनी सगळ्यांना चावडीत बोलावलं, मामालाही. मला तर सन्मानानं बोलावलं, किताबेसकट. चौरंगावर ती ठेवली, तांबडं फडकं सोडलं.

पाटील चांगला माणूस होता, पण वासरू जातिवंत होतं आणि डोकं तापलेलं. त्यानं मामाला विचारलं, “पयलं कोकरू तू लांडग्याला सोडतूस का न्हाई?”

“सोडतो. बापजाद्यापासनं सोडतो. तुमच्या आज्याला म्हाईत हुतं.”

“आज्याचं मला सांगू नको. त्या वाट्यानंच चटावलेत लांडगे. कशापायी आमच्या गोठ्यात शिरले मग?” पाटील माझ्याकडं वळला. “मास्तर, तुमी शिकलेले. सांगा, वाटा देतो तो भेदी, हे सरकारी पुस्तकात लिवलंय का न्हाई?”

सगळे माझ्याकडं बघत होते. मामाही बघत होता. त्याचा शिवारातला मुक्काम, त्याची दरसालची वाट, सगळं माझ्या एका शब्दावर होतं, आणि हे मला त्या क्षणी लख्ख कळत होतं. ‘नाही, मी बनवलं ते’, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. पण ते म्हटले की चौरंग गेला, चहा गेला, पारावरची जागा गेली. सगळ्या गावाला मी दोन महिने वेड्यात काढलं, हे उघडं झालं असतं. मी त्या किताबेकडं पाहिलं. कुंकवाखाली वजाबाकी दिसत होती.

मी मान हलवली. ‘लिहिलंय’ असं तोंडानं म्हणायचीही हिंमत झाली नाही माझी, नुसती मान हलवली.

पाटील म्हणाला, “उद्या तुझी मेंढरं या शिवारात दिसली न्हाई पायजेत.” मामा उठला, धोतर झटकलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मदरसा लवकर सोडून मी त्याच्याकडं धावलो. तो वाघर गुंडाळत होता. तट्टावर निम्मं सामान चढलं होतं. मी खुंटी उपटायला हात लावला. त्यानं लावू दिला.

“मामा,” मी खुंटी हातात धरून म्हणालो.

“पुस्तकात न्हाई ते,” तो म्हणाला. “म्हाईत हाय मला.”

“कसं?”

“एक लांडगा तोंड दावतो अन् दुसरा मागनं येतो, हे मी तुमाला हितं सांगितलतं. ह्याच चुलीपाशी. आठ दिसानं ते पुस्तकात निघालं. पुस्तक छापणारा काय माझ्या वाड्यावर आलता व्हय?”

“मग काल चावडीत का बोलला नाहीत?”

त्यानं दोर आवळला, गाठ मारली. “मी बोललो आसतो तर गावानं तुमाला उठवलं आसतं. मेंढरं काय, ती उठायचीच. आज हितं, उद्या तितं.” मग म्हणाला, “अन् म्हटलं, तुमीच बोलाल. वाट बघितली.”

मी तिथंच खाली बसलो. त्यानं लोट्यातलं दूध माझ्यापुढं ठेवलं, कुत्र्यांना हाक मारली आणि कळप पुढं काढला. जाताना एवढंच म्हणाला, “जेवत जावा.” दूध मी प्यालो नाही. टाकवलंही नाही. ते तसंच घेऊन खोलीवर आलो आणि सकाळी ते नासलेलं होतं.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी चावडी खच्चून भरली. भेदी हाकलला, आता लांडगेस्वारांचं काय होणार, ते ऐकायचं होतं सगळ्यांना. मी किताब उघडली आणि जे छापलं होतं तेच वाचलं, मराठी करून. एका माणसाजवळ बारा आंबे आहेत. त्यानं पाच वाटले. किती उरले? एका हौदात दोन नळ आहेत. लोक हात जोडून ऐकत होते. मग एकेकाची चुळबुळ सुरू झाली.

“मास्तर, लांडगे कुटं गेले?”

“लांडगे यात नाहीत. कधीच नव्हते. हे हिसाबाचं पुस्तक आहे. गोष्ट मी बनवली. भेदीही मी बनवला. मामाचा काही दोष नाही, त्याला परत बोलवा.”

असं वाटलं होतं, की खरं बोललं की पाप धुतलं जातं. कशात काय! “म्हंजी आमी येडे व्हय?” पाटील म्हणाला. दुसरा म्हणाला, “खोटं आता बोलताय तुमी. म्हाताऱ्याची दया आली म्हणून. पुस्तकात लिवल्याबिगर इतकं सुचतं व्हय कुनाला?” ज्यांना पटलं ते चिडले, ज्यांना नाही पटलं ते हसले. उठले मात्र सगळे. चौरंग पाटलांचा गडी घेऊन गेला. त्या तांबड्या फडक्याचं काय झालं, मला आठवत नाही.

मी मामाच्या मागं निघालो. घाटाच्या तोंडापर्यंत मेंढरांच्या खुरांचा माग होता. पुढं खडक लागला आणि माग संपला. दोन्ही बाजूंनी वाटा फुटत होत्या. ‘मामा’ म्हणून मी चार हाका मारल्या. लांबवर एक कुत्रं भुंकलं, ते कुणाचं कोण जाणे. अंधार पडायच्या आत मी मागं फिरलो.

मामाची चार कुत्री गेली आणि लांडग्यांना रान मोकळं झालं. फाल्गुनापर्यंत गावच्या आणखी शेळ्या गेल्या. पण मामाला बोलवा असं कुणी म्हणालं नाही. मला तर कुणी काहीच म्हणालं नाही. पारावर मी गेलो की पुन्हा जांभया, पुन्हा बैल पाजायचे राहिलेले. पूर्वी मी परका म्हणून लोक गप्प होते, आता ओळखीचा म्हणून गप्प. पहिल्यापेक्षा हे वाईट होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि मला माझाच इतका राग यायचा, की चुलीशीसुद्धा मी बोलणं सोडलं.

बदलीचा अर्ज मी दिला नाही. कार्तिकाची वाट बघत होतो.

पुढच्या कार्तिकात बाजरी निघाली आणि एक दिवस वर्गात असताना मेंढरांची घुंगरं ऐकू आली. मी पोरांना तसंच सोडून पळालो. शेताच्या कडेला तीच मेंढरं, तेच तट्टू, त्या चारांतली दोन कुत्री. काठी मात्र एका तरण्याताठ्या माणसाच्या हातात. मामाचा पुतण्या.

“चुलता गेला की वो,” तो म्हणाला. “उन्हाळ्यात. थोडा ताप आला, अन् गेला. हितं मेंढरं बसवायची न्हाईत, पाटील नको म्हणतोय. आमी आपलं पल्याडच्या वाटंनं चाललो. पर तुमाला गाठायचं म्हणून एवढं आलो.”

“मला? कशाला?”

त्याला लाज वाटली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, “म्हाताऱ्यानं सांगून ठिवलतं. मास्तरला इचारून ये म्हणाला. त्या लांडग्यावरच्या फौजंचं पुढं काय झालं? किल्ला पडला का ऱ्हायला? शेवटपतूर तेच इचारत हुता. आमाला काय म्हाईत न्हाई, आमी काय सांगणार?”

मी बांधावर बसलो. मी कबूल करण्याआधीच ही गोष्ट खोटी आहे हे ओळखलेला तो एकटा माणूस होता, आणि पुढचं ऐकायचं होतं ते त्याला. गावाला पोथी हवी होती. त्याला गोष्ट हवी होती. आणि मी त्याच्या मागं शेवट न घेताच हाका मारत गेलो होतो.

“बस,” मी पुतण्याला म्हणालो. किताब जवळ नव्हती, आणि नव्हती ते बरंच झालं. मी तोंडानंच सांगितलं. फौज किल्ल्याला वेढा देऊन बसली. महिना झाला, दोन झाले. दरवाजा उघडेना. लांडगे उपाशी राहू लागले. भेदी कुणी नव्हताच, मांस टाकणारं कुणी नव्हतं. मग एका दुपारी लांडगेस्वारांच्या सेनापतीनं आकडा टोचून आपल्या लांडग्याला भिंतीकडं हाणलं. लांडगा हलला नाही. त्यानं मान मागं वळवली, पिवळ्या डोळ्यांनी वरच्याकडं बघितलं, आणि आधी त्यालाच खाल्लं. मग सगळ्याच लांडग्यांनी तसंच केलं. किल्ला राहिला. विहीर राहिली. पाठी मोकळ्या झाल्या आणि लांडगे डोंगरात निघून गेले.

पुतण्यानं नीट ऐकून घेतलं. मग काठी उचलली आणि म्हणाला, “हेच तर म्हातारा म्हणत हुता. पुढं हेच आसणार, म्हणाला. मास्तरला फकस्त अजून सुचलं न्हाई.”

त्यानं कुत्र्यांना हाक मारली. मेंढरं पलीकडच्या वाटेला लागली. मी खोलीवर आलो, दोन भाकरी थापल्या, एक मामाच्या वाट्याची म्हणून ठेवली, आणि एक खाल्ली.